आकाशातील डोळा आणि जमिनीवरील हातोडा

उपग्रहाच्या छायाचित्रात वर्तुळ दिसले की ते उल्कापाताचेच विवर, असे मानण्याचा मोह स्वाभाविक आहे. १९६५ साली जेमिनी-४ यानातील अंतराळवीरांनी मॉरिटानियातील रिशातची सुमारे ४० किलोमीटर रुंदीची वलये टिपली, तेव्हा शास्त्रज्ञांनाही तो पडला; पण उंचावलेला घुमट झिजून ती उघडी पडल्याचे तेथील खडकांनीच सांगितले. उलट इजिप्तच्या वाळवंटातील कामिल हे अवघे ४५ मीटरचे विवर २००८ मध्ये उपग्रहचित्रात आढळले, आणि तेथे लोहउल्केचे तुकडे हाती आल्यावरच त्यावर शिक्कामोर्तब झाले. आपल्या लोणारलाही, लवणासुराच्या कथेने शतकानुशतके परिचित असूनही, अनेक जाणकार ज्वालामुखीचे मुख समजत. १९७३ साली आघाताने पालटलेल्या खनिजांनी तो वाद मिटविला.

तात्पर्य, आकाशातून शंका येते. साक्ष दगडच देतो. तो दगडच बांधकामाखाली गाडला गेला, तर उपग्रहाची दृष्टी कितीही तीक्ष्ण असून काय उपयोग? २०२० साली रामसर यादीत गेलेल्या लोणारचे पाणी जपावेच. परंतु काठाबाहेर विखुरलेला आघाताचा राडारोडाही तितक्याच निष्ठेने जपला पाहिजे.