घरचा संगणक : दुकानातले ॲप गेले कुठे?



नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या, श्रीरामपूर-राहुरीकडे मोलमजुरी करणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांत आता सेकंडहँड संगणक आलेला दिसतो. मुलामुलींचा अभ्यास, 'महाडीबीटी'वरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, स्वाधार योजनेची कागदपत्रे, सारे त्यावरच. आणि नेमकी अर्जाच्या दिवसांत पडद्यावर पाटी येते, जागा संपली. मग कोणीतरी शहाणा सांगतो, फॉरमॅट मारा. आम्ही म्हणतो, थांबा. फॉरमॅटबरोबर जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांचे स्कॅनही जाण्याचा धोका असतो. ते आधी पेनड्राइव्हवर घ्यावेत.

मग जागा कोणी खाल्ली ते पाहावे. २०१२ साली विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने संगणकातच आपले दुकान थाटले. त्याला स्टोअर म्हणतात. तेथून घेतलेले ॲप सहसा सी ड्राइव्हमध्ये, 'प्रोग्राम फाइल्स'च्या आत, 'विंडोजॲप्स' नावाच्या फोल्डरमध्ये बसते. हा फोल्डर लपवलेला आणि कुलूपबंद असतो, घरमालकालाही सहजी उघडत नाही. म्हणून शोधून शोधून माणूस थकतो. कुलूप तोडून आतल्या फाइली हाताने पुसणारे महाभागही आहेत. तसे मुळीच करू नये. ॲप अर्धवट बिघडून बसते.

सरळ वाट अशी. विंडोजचे बटण आणि 'आय' एकदम दाबले की सेटिंग्ज उघडते. तेथे ॲप्स, मग 'इन्स्टॉल्ड ॲप्स' (विंडोज १० असेल तर 'ॲप्स अँड फीचर्स'). यादी आकारमानाप्रमाणे लावा, म्हणजे मोठे खादाड वर येतात. बहुधा ते खेळच निघतात! मुलाच्या खेळाने डिस्क भरायची आणि मुलीने अर्जासाठी सायबर कॅफेत पैसे मोजायचे, हे आपल्या घरात चालू देऊ नये. नको ते 'अनइन्स्टॉल' करा. पैसे देऊन घेतलेले ॲपही काढायला भिऊ नका. ते आपल्या खात्यावर नोंदलेले असते, स्टोअरमध्ये असेपर्यंत पुन्हा उतरवता येते. पण घरात दोघांची वेगळी खाती असतील, तर एकाने काढून जागा सुटेलच असे नाही. दुसऱ्याच्या खात्यातूनही काढावे लागते.

ॲप उघडत नसेल तर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आधी 'रिपेअर' करून पाहा. 'रिसेट' मात्र जपून, त्यात ॲपमधली साठवण पुसली जाते.

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार शक्यतो टाळावेत.

डी ड्राइव्ह रिकामा असेल तर काही ॲप 'मूव्ह' म्हणून तिकडे हलवता येतात. सगळ्यांना ती सोय नसते. आणि बाहेरून जोडलेल्या डिस्कवर हलवलेत, तर ती डिस्क जोडलेली असल्याशिवाय ॲप उघडणार नाही, हे घरात सर्वांना सांगून ठेवा.