न लिहिलेला दिनविशेष

आमच्या शाळेच्या दाराशी एक काळा फळा आहे. सकाळच्या प्रार्थनेपूर्वी त्याच्या वरच्या भागात सुविचार आणि खालच्या भागात दिनविशेष लिहावयाचा, अशी फार वर्षांची रीत आहे. ज्या वर्गाची पाळी असेल त्या वर्गातील वळणदार अक्षराचा विद्यार्थी खडू घेऊन उभा राहतो आणि भोवतीचे चारदोन मित्र त्याच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढीत असतात. अमुक थोर पुरुषाची जयंती, तमुक थोर पुरुषाची पुण्यतिथी, एवढे लिहून झाले की कर्तव्य संपले. दुसऱ्या दिवशी त्यावर ओले फडके फिरते आणि कालचा थोर पुरुष आजच्या थोर पुरुषास जागा करून देतो.

फळ्यावरचा हा मजकूर एका वहीतही उतरवून ठेवण्यात येतो. यंदाच्या अंकाची जुळवाजुळव करीत असता आम्ही त्या वहीची गेल्या काही वर्षांची पाने चाळली, तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ५ नोव्हेंबर या तारखेची नोंद तीत कोठेच नाही. कारण उघड आहे. ही तारीख बहुतेक वर्षी दिवाळीच्या सुट्टीत येते. शाळेला कुलूप असते आणि फळा कोरा असतो. याबद्दल कोणास दोष द्यावयाचा नाही. परंतु संगीताच्या दृष्टीने इतका भरलेला दिवस आमच्या फळ्यावर कधीच येऊ नये, आणि त्या सुट्टीत आमच्याच गावचा एक माणूस हरवून जावा, ही गोष्ट आम्हांस खटकली. म्हणून हा लेख.

या दिवसाचा पहिला मान सांगलीचा. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहिला आणि तसा खेळ मराठीत बसवावा, असे आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे या तरुणास सांगितले. त्यातून ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. १८४३ सालच्या ५ नोव्हेंबरला त्याचा प्रयोग सांगलीस झाला, असे धरून हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो, आणि विष्णुदासांच्या नावाचे गौरवपदक याच दिवशी सांगलीत देण्यात येते. आमच्या बालवाचकांस कदाचित नवल वाटेल, पण त्या खेळात लिहून काढलेले संवाद नव्हते. सूत्रधार कथा पदांतून गात असे, मागचे साथीदार त्याची री ओढीत, आणि पात्रे त्या पदांच्या आधाराने आयत्या वेळी भाषणे करीत. तेव्हा आमच्या रंगभूमीचा जन्म भाषणातून न होता गाण्यातून झाला, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, राजाश्रय तुटला आणि विष्णुदास आपली मंडळी घेऊन गावोगाव निघाले. राजवाड्यातील गाणे तिकीट काढून येणाऱ्या सामान्य माणसापर्यंत पोहोचले, ते या अडचणीमुळे.

पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि सूत्रधाराच्या गळ्यातले गाणे पात्रांच्या गळ्यात आले. नाट्यपदे घरोघर गेली. चित्रपटगीतांचा काळ येण्यापूर्वी महाराष्ट्राचे लोकप्रिय संगीत म्हणावयाचे ते हेच. येथे वाचक विचारील की, सांगलीपुण्याच्या या हकीकतीशी आमच्या लहरीपुऱ्याचा संबंध तो काय? संबंध आहे, आणि तो भास्करबुवा बखले यांच्या रूपाने आहे. लहानपणी किर्लोस्कर मंडळीत राहिलेले भास्करबुवा गायनविद्येसाठी बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्याजवळ राहून शिकले. पुढे आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ आणि त्यानंतर अल्लादिया खाँ यांच्याकडूनही त्यांनी विद्या संपादन केली. १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील पदांना चाली दिल्या त्या याच भास्करबुवांनी. खाँसाहेबांच्या बैठकीतले राग बालगंधर्वांच्या गळ्यातून बाहेर पडले, आणि ज्यास रागाचे नावही ठाऊक नव्हते तो प्रेक्षक ते गुणगुणत घरी गेला. सीतेच्या स्वयंवरापासून रुक्मिणीच्या स्वयंवरापर्यंत आलेल्या या वाटेवर आमचे बडोदे असे मध्येच उभे आहे.

आता या दिवसाच्या दुसऱ्या मानकऱ्याकडे वळू. नामसादृश्यामुळे गोंधळ होऊ नये म्हणून आरंभीच सांगतो की, वर आलेले फैज महंमद खाँ वेगळे, आणि हे फैयाज खाँ वेगळे. फैयाज खाँ हे आग्रा घराण्याचे, सयाजीराव महाराजांच्या दरबारचे गायक. बडोद्याने त्यांस ‘ज्ञानरत्न’ ही पदवी दिली, तर म्हैसूर दरबाराने ‘आफ्ताब-ए-मौसिकी’, म्हणजे संगीताचा सूर्य, म्हणून त्यांचा गौरव केला. नोमतोमचा भारदस्त आलाप आणि धमार हा त्यांचा पिंड. परंतु ख्यालाइतक्याच मनःपूर्वक ते ठुमरी, दादरा आणि गझलही गात. पंडितांसाठी एक गाणे आणि लोकांसाठी दुसरे, असा भेद त्यांनी पाळला नाही. ‘प्रेमपिया’ या नावाने त्यांनी बंदिशी रचल्या आणि त्या आजही गाइल्या जातात. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळवून त्यांच्याजवळ शिकले आणि पुढे लखनौच्या संगीत विद्यालयाचे प्राचार्य झाले. खाँसाहेबांचा आवाज रेडिओवरून दूरदूर ऐकला गेला. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. एरवी तासभर रंगणारा राग त्यांनी त्या तीन मिनिटांत उभा करून ठेवला आहे. १९४९ च्या मे महिन्यात बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर दीड वर्षाने, ५ नोव्हेंबर १९५० रोजी, खाँसाहेब याच गावी पैगंबरवासी झाले.

लहरीपुरा दरवाजातून बाहेर पडावे, न्यायमंदिर ओलांडावे, की सुरसागर दिसू लागतो. त्या तळ्याकाठी जी संगीताची विद्याशाखा आज सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे, तिचे मूळ १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी चालविलेल्या गायनशाळेत आहे. गाणे ही केवळ घराण्यातल्या मुलांस मिळणारी ठेव न राहता शाळेत बसून शिकता यावे, त्यासाठी ते कागदावर लिहिता यावे, म्हणून मौलाबक्ष यांनी स्वरलिपी तयार केली. १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. आमच्यापैकी कित्येक जण रोज त्या रस्त्याने सायकलवरून शिकवणीस जातात. त्या इमारतीतून तंबोऱ्याचा सूर कानी येतो, पण तो कोणी लावून दिला हे आम्हांस ठाऊक नसते.

याच तारखेने अलीकडच्या काळातही दोन नावे आमच्या पदरात टाकली आहेत. ५ नोव्हेंबर २०११ रोजी भूपेन हजारिका मुंबईस निवर्तले. ब्रह्मपुत्रेच्या काठी वाढलेल्या या गायकाने आसामी भाषेतील गाणी बंगालीत आणि हिंदीत नेली, आणि ज्यांनी ती नदी कधी पाहिली नाही त्यांच्याही कानांत तिचा प्रवाह आणून सोडला. २०१९ मध्ये त्यांस मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीत शारदा सिन्हा गेल्या. मैथिली, भोजपुरी आणि मगही भाषांत अंगणात, नदीकाठी बायका जी छठपूजेची आणि लग्नाची गाणी म्हणत, ती त्यांनी आपल्या आवाजाने ध्वनिफितीवरून सर्वदूर नेली. त्या गेल्या तो दिवस छठपर्वाचाच पहिला दिवस होता, आणि त्यांचीच गाणी त्या दिवशी घाटाघाटांवर वाजत होती. आमच्या गावी कामधंद्यासाठी येऊन राहिलेल्या बिहारी कुटुंबांस विचारून पाहावे. त्यांस हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

यावर कोणी सुज्ञ वाचक म्हणेल की, हा सारा योगायोग आहे. सांगलीचा सूत्रधार, आग्र्याचा गवई, आसामचा कवी आणि मिथिलेची गायिका यांस एका ओळीत बसविण्यात तारखेपलीकडे कोणते कारण आहे? आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही तो अर्धा मान्य करतो. पंचांगास गाणे कळत नाही. तारीख ही पदराला मारलेल्या गाठीसारखी आहे. गाठीत स्वतःचे असे काही नसते, पण ती बोटास लागली म्हणजे काय विसरलो ते आठवते. परंतु गाठ लागल्यावर जे आठवले त्याकडे नीट पाहिले, तर या चौघांत एक समान धागा आम्हांस दिसतो. चौघांचेही गाणे एका मर्यादित जागेत जन्मले, एकाचे राजवाड्यात, दुसऱ्याचे दरबारात, तिसऱ्याचे नदीकाठी, चौथीचे अंगणात. आणि चौघांनीही ते त्या जागेबाहेर आणून परक्या माणसाच्या स्वाधीन केले. आम्ही ‘लोकप्रिय’ हा शब्द पुष्कळदा ‘हलके’ या अर्थाने वापरतो. तो अर्थ चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जे गाणे आपला उंबरठा ओलांडून दुसऱ्याच्या घरी गेले आणि तेथे आपलेसे झाले, ते लोकप्रिय.

मग असे परक्याने आपल्या स्वाधीन केलेले गाणे सांभाळण्याची जबाबदारी कोणाची? येथे आम्हांस एक अप्रिय गोष्ट लिहावी लागत आहे. लहान वाचकांपुढे ती लिहावी किंवा कसे, याचा आम्ही पुष्कळ विचार केला, आणि लिहावी असे ठरविले. २००२ सालच्या दंगलीत याच गावी फैयाज खाँ यांच्या कबरीची नासधूस करण्यात आली. ज्याने ‘प्रेमपिया’ या नावाखाली आयुष्यभर प्रेमाच्या बंदिशी रचल्या, त्याचे विश्रांतिस्थानही शांत राहू शकले नाही. आज शाळेत शिकणारा कोणीही तेव्हा जन्मलेला नव्हता. त्यांच्याकडे त्याचा दोष नाही. परंतु एक गोष्ट त्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी. ज्या माणसाचा आवाज आपण कधी ऐकला आहे, ज्याचे गाणे आपल्या आजोबांनी आपल्यापुढे गुणगुणले आहे, त्याच्या कबरीवर हात उचलताना तो हात थबकतो. ज्याचे नावच ठाऊक नाही त्याची कबर म्हणजे नुसता दगड. विसरणे हे दिसावयास निरुपद्रवी असते, पण पुष्कळ वाईट गोष्टी त्याच्याच आडून घडतात. गावाने आपल्या गवयास विसरणे म्हणूनच आम्ही लहानसहान चूक मानीत नाही.

कोणी म्हणेल, आम्ही मराठी माणसे; रंगभूमी दिन आठवला, विष्णुदास भावे आठवले, म्हणजे आमचे काम झाले. आम्हांस तसे वाटत नाही. लहरीपुऱ्यातील मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीत बाजार केला, मराठीत देवापुढे आरत्या म्हटल्या आणि दरबारच्या खाँसाहेबांची उर्दू गझल मान डोलावून ऐकली. भास्करबुवा बडोद्यास आले तेव्हा गुरूची जात कोणती, भाषा कोणती, हे पाहून शिकले नाहीत. त्यांनी ते पाहिले असते तर ‘स्वयंवरा’ची पदे ज्या रूपाने आम्ही जाणतो त्या रूपाने झालीच नसती. तेव्हा ५ नोव्हेंबरला विष्णुदासांबरोबर फैयाज खाँ यांचे नाव घेणे हा उपकार नव्हे. ती परतफेड आहे.

आमची सूचना साधी आहे आणि तीस पैसा लागत नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या पहिल्या दिवशी, सुट्टीत राहून गेलेले दिनविशेष फळ्यावर लिहावेत, आणि त्यात ५ नोव्हेंबर आठवणीने असावा. मात्र गायकाचा दिनविशेष केवळ खडूने साजरा करू नये. त्या दिवशी प्रार्थनेनंतर ध्वनिक्षेपकावर खाँसाहेबांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावावी. ती आता मोबाइलवरही सापडते, आणि अवघ्या तीन मिनिटांची आहे. प्रथम ऐकताना खरखर जास्त आणि गाणे कमी वाटेल. काही मुले हसतीलही. हसू द्यावे. दुसऱ्या वर्षी तीच मुले तो आवाज ओळखतील. वरच्या वर्गांनी त्या आठवड्यात एकदा सुरसागरापर्यंत पायी जाऊन यावे. आणि घरी गेल्यावर आजीआजोबांस विचारावे की, त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी खाँसाहेबांस प्रत्यक्ष ऐकले होते काय. जे उत्तर मिळेल ते वहीत लिहून ठेवावे, कारण अशी उत्तरे देणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

आमच्या फळ्याच्या वहीत ५ नोव्हेंबरसाठी आम्ही एक पान राखून ठेविले आहे. त्यावर तारीख तेवढी लिहिली आहे. पुढचा मजकूर लिहिण्याची पाळी येत्या वर्षीच्या विद्यार्थ्यांची आहे.