फ्रीजवर किती विसंबायचे?

वैशाख तापू लागला की वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, मालेगाव, मानोरा या साऱ्या भागांत घरातल्या दोन यंत्रांची परीक्षा सुरू होते. एक कूलर आणि दुसरा फ्रीज. कूलर बंद पडला तर क्षणात कळते; घरातली माणसे घामाघूम होऊन ओरडू लागतात. फ्रीज मात्र मुकाट्याने हार मानतो. आतला दिवा लागतो, यंत्राची घरघर ऐकू येते, बाटलीला हात लावला तर थोडी गारही लागते. एवढ्यावर आपले समाधान होते. मग कालचे वरण, परवाचे मटण आणि सकाळी चिरलेले टरबूज त्याच भरवशावर पुन्हा ताटात येते.

गोदरेजने १९५८ मध्ये देशात फ्रीज बनवायला सुरुवात केली. आपल्या गावांपर्यंत तो पोहोचायला त्यानंतर बरीच वर्षे लागली. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्या सुमारास अनेक घरांत फ्रीज ही चैनच होती. तो दिवाणखान्यात, विणलेल्या आच्छादनाखाली ऐटीत उभा असे. आता तो स्वयंपाकघरात आला आहे आणि चैनीची गरज झाली आहे. पण तो कसा चालतो, कुठे कमी पडतो, हे समजून घेण्याची गरज मात्र आपल्याला फारशी वाटलेली नाही.

अन्न बिघडवणाऱ्या जंतूंना साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान मानवते. त्यांना पोषक अशा उबेत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे चार तासांत चार हजारांवर जंतू होतात. म्हणूनच फ्रीजच्या आत ४ ते ५ अंशांहून अधिक तापमान असू नये, असा दंडक आहे. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून अधिक नको, असेही आहारतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे मार्च ते जून दुपारी ३२ अंश म्हणजे गारवाच म्हणायचा!

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. फ्रीज कोणत्या हवेत नीट चालेल, याचे आंतरराष्ट्रीय वर्ग ठरलेले आहेत. उष्ण प्रदेशासाठीचा नेहमीचा वर्ग भोवतालच्या ४३ अंशांपर्यंतच धरलेला असतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. टिनाच्या छताखालच्या, पश्चिमेच्या भिंतीलगतच्या स्वयंपाकघरात काय होत असेल, त्याची कल्पना करावी. तिथे फ्रीज रात्रंदिवस धापा टाकतो आणि तरीही आत पुरेसा गारवा राहत नाही. त्यात विजेचा दाब कमी झाला की कॉम्प्रेसर नीट सुरूच होत नाही. कुणी वीजबिल वाचवायला रात्री फ्रीज बंद करते. मागची जाळी धुळीने भरलेली, दाराचे रबर सैल झालेले आणि फ्रीज भिंतीला चिकटवलेला, हे तर घरोघरचे चित्र आहे.

तपासण्याचे उपाय साधे आहेत. दारात कागद अडकवून ओढून पाहावा. तो सहज निघाला तर रबर बदलायला झाले. थर्मामीटर मिळाला तर पेलाभर पाण्यात घालून तो रात्रभर आत ठेवावा आणि सकाळी आकडा वाचावा. बर्फ झालेल्या वाटीवर एक नाणे ठेवून ती बर्फाच्या कप्प्यातच असू द्यावी. गावाहून परत आल्यावर नाणे तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात बर्फ वितळून पुन्हा गोठला असे समजावे. त्या कप्प्यातले अन्न मग खाऊ नये.

२००५ नंतरच्या काही वर्षांतले भारनियमन आपण विसरलेलो नाही. तो काळ सरला, पण अवकाळी वादळाने खांब पडले की आजही रात्र अंधारात जाते. अशा वेळी पहिला नियम म्हणजे दार उघडायचे नाही. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. बर्फाचा स्वतंत्र, गच्च भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास टिकतो. पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून ठेवल्या तर गारवा आणखी काही काळ राहतो. चार तास उलटल्यावर मात्र वरण, भात, भाज्या, दूध, पनीर, मांस, चिरलेली फळे यांचा मोह सोडावा. लोणचे, तूप, अख्खी फळे, बटाटे, कांदे यांना काही होत नाही.

'वास तर येत नाही, चांगले उकळून घेऊ', हे उत्तर अनेक घरांत ऐकू येते. ते धोक्याचे आहे. विषबाधा करणारे कित्येक जंतू अन्नाचा वास किंवा चव बदलत नाहीत. काही जंतू अन्नात विष सोडतात, आणि उकळल्याने जंतू मेले तरी ते विष तसेच राहते. भातातल्या एका जंतूचे बीज तर शिजवूनही मरत नाही. रात्री बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली म्हणून तो निर्धोक होत नाही. भात उरलाच तर परातीत पसरून लवकर गार करावा आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीजचा भरवसा नसेल तर त्या दिवसांत मोजकाच भात लावावा.

आपल्या आजींकडे फ्रीज नव्हता, पण हिशेब होता. दूध सांजसकाळ तापवायचे, उरले तर विरजण लावायचे, पातेले पाण्याच्या परातीत ठेवून वर ओले फडके टाकायचे. भाजी एका वेळेपुरतीच करायची. उन्हाळ्याच्या उन्हाचा उपयोग पापड, कुरडया, सांडगे वाळवण्यासाठी करायचा. विदर्भाच्या कोरड्या हवेत ओले फडके आणि माठ चांगले काम करतात. भाज्या, फळे, ताक त्यात बरे राहतात. मात्र माठ काही ५ अंशांपर्यंत गार होत नाही. शिजवलेले मटण किंवा दुधाचे गोड पदार्थ त्याच्या भरवशावर ठेवू नयेत. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्तीही लंगडी पडते.

या साऱ्यात एक प्रश्न आपण टाळतो. शंका आलेले अन्न शेवटी कुणाच्या पोटात जाते? मुलांना ताजे, नवऱ्याला ताजे, आणि 'टाकून कशाला द्यायचे' म्हणत कालचे मुकाट्याने खाणारी घरातली बाई. अन्न हे पूर्णब्रह्म या संस्काराचे सारे ओझे आपण तिच्या ताटात वाढले आहे. गरोदर बाई, म्हातारी माणसे आणि लहान मुले यांना तर अशा अन्नाचा फटका सर्वांत आधी बसतो. म्हणून काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा निर्णय तिच्या एकटीवर न सोडता सर्वांनी मिळून घ्यावा. एखाद्या वाटीची किंमत दवाखान्याच्या खर्चाहून नक्कीच कमी असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या लोणार तालुक्यात सोमठाणा येथे एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो लोकांना विषबाधा झाली. झाडांना दोऱ्या बांधून सलाईन लावावे लागले. तो प्रसाद कुणाच्या फ्रीजमधला नव्हता. पण अन्न बाधले की खेड्यातली आरोग्यव्यवस्था किती तोकडी पडते, हे त्या रात्रीने दाखवले. ज्या गावात दवाखाना दूर आहे, तिथे सावधगिरी हेच पहिले औषध.

वीज कंपनीनेही आपला वाटा उचलावा. वीज किती वाजता जाणार, किती तासांनी येणार, हे गावाला आधी कळले तर घरातली बाई त्या दिवशीचा स्वयंपाक त्या बेताने करील. बसस्थानकाजवळच्या दुकानांतले दूध, आइस्क्रीम, पनीर रात्रभर कोणत्या गारव्यात राहते, याची तपासणी अन्न प्रशासनाने उन्हाळ्यात तरी नेमाने करावी. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी हा प्रश्न अन्नापुरताही राहत नाही. वीज गेल्यावर औषध कसे जपायचे, हे त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

अन्न टाकताना जीव तुटतो, तो तुटलाच पाहिजे. पण अन्नाचा मान राखायचा तो शिजवताना, मापाने शिजवून. आज रविवार आहे, घरात सगळे आहेत. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, बटण बंद करून मागची धूळ झटका, दाराचे रबर पाहा आणि आतल्या प्रत्येक डब्यात काय आहे, कधीचे आहे, हे एकदा विचारा. उत्तर देता आले नाही, तर तो डबा रिकामा करायला हरकत नाही.