पुंगळी पुन्हा वापरता येते, तरी अमेरिकेतले नेमबाज का अडकलेत?

सिनेमात बार उडाला की पितळेची रिकामी पुंगळी खाली पडते आणि हिरो तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण अमेरिकेत लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे लोक हीच पुंगळी वाकून उचलतात आणि जपून घरी नेतात.

असं का?

काडतुसाचे चार भाग असतात: पुंगळी, आतली दारू, ती पेटवणारा प्रायमर आणि पुढची गोळी. यातली फक्त पुंगळी पुन्हा वापरता येते. तिथल्या कायद्यात बसत असल्यामुळे बरेच नेमबाज घरीच काडतुसं भरतात. याला रिलोडिंग म्हणतात.

यात पैसे वाचतातच, पण खरा फायदा अचूकतेचा असतो.

पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. बार उडाला की पुंगळी फुगते. मग तिला साच्यात दाबून मापात आणतात, वाढलेली लांबी कापतात. फुगणं आणि दाबणं यामुळे पितळ कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकताना ते मध्येमध्ये तापवून नरम करतात, तशीच पुंगळीची फक्त मान तापवतात. सगळ्या माना सारख्या असल्या की गोळीवरची पकड सारखी राहते आणि वेगही सारखा मिळतो. वेगात थोडा जरी फरक पडला, तरी 1000 यार्डांवर, म्हणजे 914 मीटरवर, गोळी वर किंवा खाली लागते.

इतकी मेहनत करूनही गाडी अडते ती प्रायमरपाशी. वाटाण्याहून छोटी ही धातूची टोपी घरी बनवणं सोपं नाही. ती विकतच घ्यावी लागते.

2020 मध्ये कोरोनाच्या काळात अमेरिकेत बंदुकांची विक्री प्रचंड वाढली. त्याच वर्षी रेमिंग्टन कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. प्रायमर बाजारातून गायब झाले. पुंगळ्या डबे भरून होत्या, पण उपयोग शून्य.

रेमिंग्टनचा काडतुसांचा व्यवसाय व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने घेतला. सीसीआय आणि फेडरल तिच्याकडे आधीपासून होत्या. नोव्हेंबर 2024 मध्ये हा सगळा व्यवसाय सुमारे 2.2 अब्ज डॉलरला चेक प्रजासत्ताकातल्या सीएसजी समूहाकडे गेला. म्हणजे अमेरिकेतल्या प्रायमरच्या चार मोठ्या नावांपैकी तीन आता एकाच मालकाकडे आहेत. चौथं नाव विंचेस्टर. शिवाय सीएसजी युक्रेनसाठी तोफगोळेही बनवते. म्हणजे सैन्याची गरज आणि हौशी नेमबाजाची गरज, दोन्ही एकाच दारात उभ्या आहेत.

थोडक्यात, पुंगळी नेमबाजाच्या हातात आहे, पण तिच्यात जान आणणारी वस्तू मोजक्या कंपन्यांच्या हातात.

आणि हो, रिलोडिंगचे रील्स बघून इथे प्रयोग करू नका. शस्त्र कायदा 1959 नुसार भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.