वीस मिनिटांची शिदोरी

घरात संगणक आला की त्याच्या मागोमाग एक काळी, वजनदार पेटी येते. तिचे नाव यूपीएस, म्हणजे अनइंटरप्टिबल पॉवर सप्लाय. मराठीत अखंडित वीजपुरवठा. माझ्या मते हे नावच फसवे आहे. 'अखंडित' म्हटल्यावर वीज गेली तरी खुशाल काम करीत बसावे, असे कोणालाही वाटेल. पलूस तालुक्यातल्या घरांतून आणि शाळांतून तसेच घडते, आणि वर्षा-दीड वर्षात बॅटरी बसली की दोष कंपनीला दिला जातो.

विद्यार्थिमित्रहो, थोडे गणित करू. साध्या घरगुती यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्टची, 7 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते. 12 गुणिले 7 म्हणजे 84 वॉट-तास. टेबलावरचा संगणक व त्याचा पडदा मिळून 120 वॉट घेतात असे धरले, तर उत्तर 42 मिनिटे येते. घड्याळ लावून पाहिले तर नवी बॅटरीसुद्धा जेमतेम पंधरा-वीस मिनिटे टिकते. उरलेली मिनिटे गेली कुठे? बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पण मोठे कारण निराळे आहे. ते 7 अँपिअर-तास वीस तासांत सावकाश, म्हणजे साधारण 0.35 अँपिअरने, वीज काढली तर मिळतात. संगणकासाठी आपण बारा अँपिअरच्या आसपास ओढतो. शिशाच्या पट्ट्यांच्या छिद्रांतील आम्ल झपाट्याने संपते, बाहेरचे तितक्या लवकर आत पोचत नाही, आणि बॅटरी अर्धी भरलेली असतानाच दमते.

मग हे यंत्र कशासाठी? वीज गेल्यापासून सुमारे दहा मिलिसेकंदांत ते बॅटरीवर येते. आपल्या विजेचे एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचे असते. तेवढा वेळ संगणकाच्या कपॅसिटरांत साठलेली वीज तग धरते. त्यामुळे स्मृतीत असलेला, अजून चकतीवर न लिहिलेला मजकूर वाचतो. तो जतन करावा, संगणक रीतसर बंद करावा. याला तीन मिनिटे पुरतात. बाकीची मिनिटे ही शिदोरी समजावी. ती रोज खाऊन संपवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

ही सवय लागली कशी, हे समजण्यासारखे आहे. 2005 नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने रोज कित्येक तासांचे भारनियमन सोसले. तेव्हा मिळेल ते मिनिट वापरणे भाग होते. पण बॅटरी तळापर्यंत रिकामी करून तशीच ठेवली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. पुरती भरायला तिला सहा-आठ तास लागतात. त्याआधीच वीज पुन्हा गेली तर उपासमार चालूच. त्यात आपला एप्रिल-मे. उष्मा दहा अंशांनी वाढला तर अशा बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. तेव्हा ती खिडकीतल्या उन्हात नको.

आमच्याकडची आणखी एक गोष्ट शहरातल्या माहितीपत्रकांत सापडत नाही. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेली किर्लोस्करवाडी याच तालुक्यात. पंपाची मोटर म्हणजे काय हे इथल्या पोराटोरांना सांगावे लागत नाही. ही मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. उसाच्या नि द्राक्षांच्या मळ्यातल्या वस्तीवर शेजारचे पंप लागले की विजेचा दाब खाली येतो. दिवा मिणमिणतो, पण वीज गेलेली नसते, आणि तरी यूपीएस टीट-टीट करू लागते. कमी दाब तिला चालत नाही म्हणून ती बॅटरी खर्ची घालते. अशा घरी आधी दाब सावरणारा स्टॅबिलायझर जोडलेले यूपीएस घ्यावे; मोठ्या बॅटरीवरचा खर्च नंतर. (लॅपटॉपला त्याची स्वतःची बॅटरी असते, त्याला यूपीएस लावणे म्हणजे छत्रीवर छत्री.)

सगळ्यांत कमी बोलले जाते ते अर्थिंगबद्दल. तीन पायांच्या प्लगचा जाड पाय तोडून तो दोन भोकांत बसवणारे महाभाग अजून आहेत. 2019च्या ऑगस्टात कृष्णेच्या महापुराने भिलवडी, ब्रह्मनाळ परिसराला वेढले होते. अशा वेळी घरचा मेन स्विच बंद केला की सारे सुरक्षित, असे आपण मानतो. पण यूपीएस चालू राहिली तर तिच्या खाचांत तेव्हाही 230 व्होल्ट असतात. पाणी चढण्याआधी, अंग आणि हात कोरडे असताना, ती तिच्या बटणाने बंद करून उंचावर ठेवावी. पाणी शिरलेल्या खोलीत मात्र तिच्याजवळ मुळीच जाऊ नये.

शाळेत विज्ञानशिक्षकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करावा. संगणक काढून यूपीएसला तारेचा 100 वॉटचा दिवा जोडा आणि भिंतीवरचे बटण बंद करा. प्लग उपसू नका, नाहीतर अर्थिंगही तुटेल. दिवा दहा मिनिटे टिकतो का ते पाहा आणि दहा झाली की बटण लावा. आधीच विझला तर वेळ वहीत लिहा. दर तीन महिन्यांनी अशी नोंद ठेवा. आकडा पाचाखाली आला की ती वही घेऊनच मुख्याध्यापकांकडे नव्या बॅटरीचे पैसे मागायला जावे, आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत करावी. तिच्यात शिसे आहे.