गाडी आपली, मग तिची माहिती कुणाची?

मंडळी, जरा मोठं लिहितोय. पण ज्यांच्या दारात दहा-बारा वर्षं जुनी गाडी उभी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

आमच्या घरच्या छोट्या गाडीचा क्लच संपला. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही वेग घ्यायची नाही. सर्व्हिस सेंटरनं साडेअकरा हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. सामानाचे किती आणि मजुरीचे किती, असं विचारलं तर उत्तर आलं, "सर, पॅकेज आहे." माझ्या मावसभावाचं निम्मं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलंय. तो म्हणाला, "कशाला नेतोस? दारातच करूया की. हात तू लाव, मी बघतो."

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि नवीन गियर ऑईल, सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत आलं. काम दीड दिवसाचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, गाडी जॅकनं उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हा दादाचा पहिला नियम. गियर ऑईल काढलं, ॲक्सल, क्लच केबल, स्टार्टर मोकळे केले. इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून दुसरा जॅक लावला आणि मग गियरबॉक्स बाजूला सरकवून दोघांनी खाली घेतला. आत बघितलं तर प्लेटचं लायनिंग रिव्हेटपर्यंत घासलेलं. धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, हा दुसरा नियम.

नवीन प्लेट बरोबर मधोमध बसवायला एक साधा दांडा लागतो. प्लेट जरा जरी सरकली तरी गियरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळायचे. पण शेवटचा पीळ किती द्यायचा? इथं आमचं घोडं अडलं. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात टायरची हवा आहे, रेडिओ कसा लावायचा ते आहे, हा आकडा नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर, "ते आम्ही बाहेर देत नाही." शेवटी दादाच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे वर्कशॉप मॅन्युअलची तेलकट झेरॉक्स निघाली, त्यात तो सापडला. गाडी आता झकास चालते.

पैसे वाचले, आनंद झाला. पण ही पोस्ट त्यासाठी नाही. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गाडीचा एक आकडा मिळवायला मला ओळख काढावी लागली, ते मला खटकलंय. आमचा निदान क्लच होता, पान्यानं उघडणारा. आजच्या गाड्यांत कितीतरी कामांना स्कॅनर लागतो. गल्लीतला मिस्त्री आवाजावरून बेअरिंग ओळखतो, पण कंपनीचं सॉफ्टवेअर नसेल तर डॅशबोर्डवरचा लाल दिवा घालवताना त्याचे हात बांधलेले असतात. आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन बाहेर पडणाऱ्या पोरानं मग स्वतःचं गॅरेज टाकायचं कशाच्या जोरावर? आणि वडापची गाडी चालवणाऱ्यानं एक दिवसाचा धंदा बुडवून प्रत्येक वेळी शहरातल्या सर्व्हिस सेंटरची वाट धरायची का?

बरं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ठपका हाच, की सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. भाग आणि उपकरणं उपलब्ध करा, सुट्या भागांच्या किमती जाहीर करा, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगानं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण कोर्टाच्या वाटेला लागलं. पुढं २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. त्यात मोबाईल, घरगुती उपकरणं आणि शेतीच्या अवजारांबरोबर वाहनंही आहेत. चांगलंच झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्येच गाड्यांसाठी असा कायदा झाला.

कंपन्यांचं म्हणणं असतं, सुरक्षेचा प्रश्न आहे, कुणीही उठून गाडी उघडली तर अपघात होतील. मुद्दा अगदीच खोटा नाही. एअरबॅगला घरी हात लावू नये, आणि क्लचही प्रत्येकानं दारात बदलावा असं मी म्हणत नाही. आमच्यासोबत जाणता माणूस होता म्हणूनच आम्ही हात घातला. पण गाडी लोक उघडणारच आहेत. आपल्याकडच्या कितीतरी गाड्या वॉरंटी संपल्यावर रस्त्याकडेच्या गॅरेजमध्येच जातात. मग बोल्ट अंदाजानं आवळला जाणं सुरक्षित, की छापील आकडा बघून? सुरक्षेची एवढी काळजी असेल तर माहिती उघड करणं हाच त्यावरचा उपाय आहे. चोरीविरोधी यंत्रणेचे कोड हवे तर राखून ठेवा. क्लचच्या बोल्टात कसलं गुपित आलंय?

म्हणून मागणी साधी आहे. वर्कशॉप मॅन्युअल वाजवी किमतीत कुणालाही मिळावं. अस्सल सुटे भाग काउंटरवर, छापील किमतीला मिळावेत. स्कॅनरचं सॉफ्टवेअर छोट्या गॅरेजला परवडेल अशा दरात मिळावं. आणि हे सगळं कंपनीच्या मर्जीवर न सोडता कायद्यात यावं. आपल्या खासदारांना निवेदन द्यायचं तर ते ह्याच मुद्द्यांवर द्या.

तोवर आपल्या हातात काय आहे? एस्टिमेट घेताना सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. काढलेला जुना भाग परत मागा. नवीन गाडी घेताना, बाहेर सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटीचं काय, हे शोरूमकडून लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं तक्रार नोंदवा.

आणि आपापल्या भागातल्या चांगल्या मिस्त्रींना ही पोस्ट दाखवा. त्यांचं काम नेमकं कुठं अडतं ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि खाली लिहा. निवेदन मी तयार करतोय, त्यात ते घालू.