पत्ते टाकायला शिका

अमेरिकेत नवा आलेला मराठी मुलगा पोकरच्या टेबलावर पहिल्यांदा बसला की दोन-तीन डावांतच ओळखू येतो. पानं पुरती वाटून व्हायच्या आत तो चिप्स पुढे सरकवतो, कुणी विचार करायला जरा थांबलं की "अरे चल ना, किती वेळ!" म्हणून मागे लागतो, आणि एकदा का पैसे लावले की शेवटचं पान उलटेपर्यंत डाव सोडत नाही. त्यात त्याचा दोष नाही. गणपतीत रात्र जागवताना, गोकुळाष्टमीला, लग्नाच्या वऱ्हाडात त्याने जो खेळ पाहिलेला असतो तो तीन पत्ती, आणि तीन पत्तीत असंच खेळतात. पोकर म्हणजे इंग्रजी बोलणारी तीन पत्ती अशी त्याची समजूत असते. मग शुक्रवारी रात्री कुणाच्या तरी अपार्टमेंटवर जमणाऱ्या अड्ड्यावर चाळीस डॉलर घालवून तो "आज नशीबच नव्हतं" म्हणत घरी जातो.

पोकर सुधारायचे उपाय पुस्तकांत शेकड्यांनी सापडतील. माझं मत विचाराल तर आपल्यासारख्या हौशी खेळाडूंना त्यातले बहुतेक लागतच नाहीत. पत्ते टाकून द्यायची सवय आणि शाळेत शिकलेला भागाकार, एवढ्या भांडवलावर शुक्रवारचं टेबल आरामात निभावतं. गंमत अशी की इंजिनियर लोकांना भागाकार येतो, पण पत्ते टाकवत नाहीत!

तीन पत्तीशी माझं काही वैर नाही. पण दोन खेळांचं गणितच निराळं आहे. ५२ पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारे निघतात. त्यात सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून तिथे सिक्वेन्स मोठा. पाच पानं घेतली की चित्र उलटं होतं: सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८, म्हणून पोकरमध्ये कलर मोठा. (जाता जाता: तीन पत्तीत ट्रेल ५२ प्रकारे लागते आणि प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे. म्हणजे खरं तर प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मीळ, तरी मान ट्रेलला! हे एकदा वऱ्हाडात काकालोकांना सांगून पाहा.) क्रम लक्षात ठेवणं सोपं असतं. जात नाही ती दुसरी सवय. तीन पत्तीत पॅक करणारा भित्रा ठरतो. पोकरमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालतो त्या टेक्सास होल्डेममध्ये, पॅक करणं हेच खेळणाऱ्याचं मुख्य काम आहे.

इथे स्वतःची पानं दोनच. मग सगळ्यांसाठी सामाईक तीन उघडतात तो फ्लॉप, नंतर एक टर्न, शेवटी एक रिव्हर. चार वेळा बोली होते आणि बोली दर वेळी फुगत जाते. त्यामुळे सगळ्यात स्वस्त चूक पहिल्या बोलीला टाळता येते. हातात जोडी येण्याची शक्यता १७ मध्ये १. दोन एक्के येण्याची २२१ मध्ये १. म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या हातात कचराच असणार, आणि नऊ जणांच्या टेबलावर पाच-सहा डावांत एखादा खेळलात तरी पुष्कळ झालं. यावर नेहमीचा युक्तिवाद असतो, "पण दोन्ही बदाम होते रे!" दोन्ही पानं एकाच रंगाची असली तर फ्लॉपवरच कलर तयार मिळण्याची शक्यता ११९ मध्ये १ आहे. बदामाची राणी आणि बदामाची तिर्री हा हात टाकाऊच आहे, फक्त दिसायला देखणा.

किती खेळायचं हे तुम्ही कुठे बसला आहात यावरही ठरतं. नवखे याकडे अजिबात लक्ष देत नाहीत. फ्लॉपनंतर ज्याच्यापुढे डीलरचं बटन आहे तो सगळ्यात शेवटी बोलतो. बाकीच्यांनी काय केलं हे बघून मग निर्णय घ्यायचा, याहून मोठी सोय कुठली? एक्का-नव्वी बटनवर मिळाली आणि तोवर कुणी बोली लावलेली नसेल तर बिनधास्त रेज करावं. तीच एक्का-नव्वी पहिल्याने बोलायच्या जागी आली तर मुकाट टाकावी, कारण मागे आठ जण अजून बोलायचे आहेत आणि त्यात कुणाकडे तरी एक्का-राजा असला की तुम्हाला ते सगळ्यात महाग पडेल तेव्हाच कळणार. बऱ्यापैकी खेळणारी माणसं पहिल्या जागेवरून दहा-बारा टक्के हात खेळतात आणि बटनवरून चाळीसच्या आसपास. पानं तीच, खुर्ची वेगळी.

आता भागाकार. समजा टर्न उघडलाय आणि तुमच्याकडे चार बदाम झालेत, पाचवा हवा आहे. पॉटमध्ये ३० डॉलर आहेत आणि समोरच्याने १५ लावले. तुम्हाला न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. म्हणजे शक्यता १९.६ टक्के. १५ भरून एकूण ६० डॉलरच्या पॉटसाठी तुम्ही खेळणार, म्हणजे किमान २५ टक्के शक्यता हवी. १९.६ ही २५ पेक्षा कमी आहे, तेव्हा टाका. इतकं सरळ. टेबलावर दशांश चिन्हं मांडत बसायची गरज नाही: उपयोगी पानं मोजायची, एक पान यायचं असेल तर दोनने गुणायचं, फ्लॉपवर असाल आणि दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तर चारने. नऊ बदाम म्हणजे १८ टक्के किंवा ३६ टक्के. खरे आकडे १९.६ आणि ३५, म्हणजे अंदाज पुरेसा चांगला आहे.

पण इथेच थांबलात तर अर्धवट गणित होईल. बदाम आलाच तर रिव्हरवर समोरचा आणखी काही देईल की नाही? वरच्या उदाहरणात तो सरासरी १७ डॉलर तरी देणार असेल तर हिशोब जुळतो आणि कॉल बरोबर ठरतो. शुक्रवारच्या अड्ड्यावर, जिथे कुणी काही सोडतच नाही, १७ डॉलर सहज सुटतात. फक्त टेबलावर तीन बदाम पसरलेले दिसल्यावर बेसावधातला बेसावध माणूसही जरा दचकतो, हे लक्षात ठेवा.

आणि ब्लफ? पोकर म्हटलं की लोकांना ब्लफच आठवतो. सिनेमांची कृपा. काळा चष्मा, भुवईचं थरथरणं, ओरिओ बिस्किट फोडून खाण्याची लकब... सगळं ठीक आहे, पण ब्लफ हा धाडसाचा नाही तर गिऱ्हाइकाचा प्रश्न आहे. पॉटच्या निम्मे पैसे लावून ब्लफ करायचा असेल तर तो तीनात एकदा चालला तरी बरोबरी होते. समोर एकच माणूस असेल आणि तो दहापैकी सहा वेळा पत्ते टाकणारा असेल, तर हा फायद्याचा सौदा. तसेच तिघं समोर असतील तर तिघांनीही टाकण्याची शक्यता ०.६ चा घन, म्हणजे २२ टक्केसुद्धा नाही. सौदा तोट्याचा. आता आपल्या मित्रमंडळात दहापैकी सहा वेळा पत्ते टाकणारा माणूस कोण आहे ते आठवून बघा. कुणी नाही ना? मग ब्लफ विसरा आणि उलट करा: चांगली पानं आली की लाजू नका, मोठी बोली लावा. न टाकणाऱ्याकडून पैसे मिळवायचा तोच रस्ता. दोन एक्के घेऊन "सगळ्यांना येऊ दे" म्हणून गप्प बसणारे महाभाग मी पाहिलेत. एकाविरुद्ध दोन एक्के ८५ टक्के वेळा जिंकतात, चौघांविरुद्ध ५६ टक्के. त्या चौघांना यायचंच असेल तर तिकीट काढून येऊ द्या की!

चेहरे वाचण्याबद्दल इतकंच सांगतो की जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं तेव्हा त्याला कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. तो ब्लफसुद्धा करत होता, पण प्रमाणात, गणिताने.

त्या सामन्यातली मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. तो वीस दिवस चालला आणि १,२०,००० डाव खेळले गेले. शिवाय तीच पानं आलटून-पालटून दोन्ही बाजूंना दिली, का तर नशिबाचा वाटा कमी व्हावा म्हणून. इतकी खटपट कशासाठी? कारण २०१५ मध्ये त्याच विद्यापीठाचा आधीचा प्रोग्रॅम, क्लॉडिको, ८०,००० डावांनंतर माणसांकडून सात लाखांवर चिप्स हरला होता, आणि तरीही संशोधकांचं म्हणणं होतं की संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही बरोबरीच आहे! (हरलेल्या बाजूचं म्हणणं ते, पण गणित चुकीचं नव्हतं.)

ऐंशी हजार डाव खेळून जिथे वाद मिटत नाही, तिथे आपल्या शुक्रवारची काय कथा? हिशोब करून पाहू. नो-लिमिट होल्डेममध्ये शंभर डावांमागचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल किती हेलकावे खातो त्याचं माप, साधारण ९० बिग ब्लाइंड धरतात. समजा तुम्ही खरोखरच चांगले आहात आणि शंभर डावांमागे सरासरी ५ ब्लाइंड जिंकता. १०,००० डावांनंतर तुमची अपेक्षित कमाई ५०० ब्लाइंड, आणि हेलकावा ९०० ब्लाइंडचा. म्हणजे इतकं सगळं बरोबर खेळूनही तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्क्यांच्या आसपास राहते. घरगुती टेबलावर तासाला तीसेक डाव होतात, रात्रीत १२०. दर पंधरवड्याला बसलात तर १०,००० डावांना तीन वर्षांहून जास्त लागतील. प्रयोगशाळेत सिग्नलवर इतका नॉईज असता तर आम्ही कुणालाही पेपर लिहू दिला नसता. इथे मात्र एका रात्रीच्या वाचनावर लोक स्वतःला पोकरपटू घोषित करतात.

म्हणून मला हरणाऱ्यांची काळजी वाटत नाही. हरणारा वैतागून रमीकडे परत जातो. धोका आहे तो पहिल्यापहिल्यांदा जिंकणाऱ्याला. आमच्या ओळखीतला एक एम. एस. करणारा मुलगा लागोपाठ तीन शुक्रवार जिंकला. हुशार होता, सगळ्यांनी पाठ थोपटली. मग तो कॅसिनोत जायला लागला, आधी १-२ डॉलरच्या टेबलावर, महिन्याभरात २-५ च्या. सेमिस्टर संपेपर्यंत तिकिटासाठी बाजूला ठेवलेले पैसे गेले. त्या डिसेंबरात तो घरी गेला नाही. आईला सांगितलं, प्रोफेसर सुट्टी देत नाहीत. तो वाईट खेळत होता असंही नाही. तीनशे-साडेतीनशे डावांवरून त्याने आयुष्याचा आलेख काढला होता, इतकंच.

शिवाय कॅसिनोत आणखी एक खेळाडू बसलेला असतो, जो कधीच हरत नाही. प्रत्येक पॉटमधून कॅसिनो आपला हिस्सा काढतो, वर डीलरला एखादा डॉलर टिप. दोन्ही मिळून डावाला पाच डॉलर धरा आणि तासाला तीस डाव. टेबलावरून तासाला दीडशे डॉलर उडाले. नऊ जणांत वाटले तर माणशी साडेसोळा, म्हणजे १-२ च्या टेबलावर तासाला आठ ब्लाइंड. वर ज्या 'खरोखर चांगल्या' खेळाडूचं उदाहरण घेतलं त्याची सगळी कमाई तासाला दीड ब्लाइंड होती. घरच्या टेबलावर पाचने जिंकणारा तिथे काय करणार हे सांगायला डॉक्टरेट लागत नाही.

मग खेळ सुधारतोय हे कळणार कसं? पैशांवरून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं थंड असताना, रात्रीचे दोन-तीन मोठे डाव लिहून काढा: पॉट किती होता, काय भरलं, तेव्हा माझ्याकडे शक्यता किती होती. शेवटी कोण जिंकलं तो रकाना ठेवूच नका. महिन्याभराने वाचलं की एकच चूक पुन्हा पुन्हा दिसायला लागते. बहुतेकांची ती एकच असते: मधली जोडी घेऊन रिव्हरपर्यंत "बघू तरी" म्हणत पैसे भरत राहणं. भारतातले काही मित्र विचारतात, ऑनलाइन सराव करू का? तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तेव्हा तो विषय बाजूलाच ठेवावा. आणि फुकटच्या खोट्या चिप्सवर खेळून काही शिकता येत नाही, कारण तिथे पत्ते टाकणारा एकही माणूस भेटत नाही. त्यापेक्षा घरी कॅट घ्या, पानं पिसा, चार हात वाटा आणि शक्यता मोजत बसा. बायको हसेल, हसू द्या.

आमच्या अड्ड्याचे नियम साधे आहेत. सुरुवातीला वीस डॉलर, संपले तर आणखी एकदा वीस, त्यानंतर प्रेक्षक. पॉटमधून कुणी काही काढून घ्यायचं नाही, पिझ्झाची वर्गणी वेगळी. बारा वाजता शेवटची फेरी. त्यानंतर जो "अजून एकच" म्हणेल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. वर्षभर बघतोय, जिंकणाऱ्याने एकदाही चहा केलेला नाही.